अंदाजपंचे, पण हिशेबानं

महाराष्ट्रात रोज किती पोळ्या-भाकऱ्या होत असतील हो?

हसू आलं ना प्रश्न वाचून? ‘हे काय कुणी मोजत बसलंय का?’ असंच कुणीही म्हणेल. मोजलेलं नाहीच, आणि मोजायचं म्हटलं तरी जमणार नाही. पण म्हणून उत्तर देताच येत नाही, असं मात्र नाही. कणीक मळता मळता काढू या. राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती. आता वाढलीच असणार, आपण १२ कोटी धरू. त्यातून तान्ही बाळं, दोन्ही वेळ भात खाणारी कोकणातली मंडळी, वडापाववर दिवस काढणारे, असे सगळे बाजूला काढू. राहिले समजा ८ कोटी. माणशी दिवसाला चार धरल्या, तर ३२ कोटी. आता भाकरी असेल तर दोनातच पोट भरतं आणि गव्हाच्या फुलक्या असतील तर सहासुद्धा कमी पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सगळं मिळून आकडा तीस कोटींच्या आसपास राहील. पंचवीस असेल किंवा चाळीस असेल, पण तीन कोटी नसेल आणि तीनशे कोटीही नसेल. मघाशी आपल्याला काहीच माहीत नव्हतं, आता एवढं तरी माहीत झालं की नाही?

असल्या हिशेबाला आपल्याकडे लगेच ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हणून मोडीत काढतात. दाहोदरसे म्हणजे एकशे दहा. जुन्या पाढ्यांत ‘बावीस पंचे दाहोदरसे’ असायचं. पाढा न येणाऱ्या कुणीतरी बावीसच्या जागी ‘अंदाज’ घालून वेळ मारून नेली असावी, आणि तेव्हापासून अंदाज हा शब्द जो बदनाम झाला तो झालाच. मला विचाराल तर हा अन्याय आहे. अंदाज दोन तऱ्हेचे असतात. एक हवेतला, तोंडाला येईल तो. दुसरा पायरी पायरीने बांधलेला, ज्याची प्रत्येक पायरी दुसऱ्याला दाखवता येते. ‘ही पायरी मला पटत नाही’ असं समोरच्यानं म्हटलं, तर तेवढी बदलून पुन्हा मांडता येते. पोळ्यांचा हिशेब दुसऱ्या जातीचा आहे.

मी कला शाखेची. गणिताची आणि माझी दहावीनंतर गाठ पडली नाही. त्यामुळे या विषयाकडे मी पुस्तकातून नाही, बचत गटाच्या वहीतून आले. पण नंतर कळलं की या तऱ्हेच्या प्रश्नांना जगभर एका मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. एन्रिको फर्मी. जन्म रोममधला, १९०१चा. १९३८ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. बायको लॉरा ज्यू घराण्यातली, आणि इटलीत त्याच वर्षी ज्यूंच्या विरोधात कायदे झालेले. तेव्हा हे कुटुंब पारितोषिक घ्यायला स्वीडनला गेलं, ते तिथूनच पुढे अमेरिकेला. परत घरी गेलंच नाही.

फर्मी नंतर शिकागोला प्राध्यापक होते. मुलांना अचाट प्रश्न टाकायची त्यांना आवड. त्यातला सगळ्यात गाजलेला प्रश्न असा, ‘या शिकागो शहरात पियानोचे सूर लावून देणारे कारागीर किती असतील?’ पियानोच्या आत दोनशेहून जास्त तारा असतात. हवामानानं त्या सैल पडतात, सूर उतरतो, मग कारागीर बोलवावा लागतो. आता हे कारागीर किती, ते कुणाला ठाऊक असणार? पण बघा हं, पोळ्यांसारखंच करायचं. शहराची वस्ती धरली तीस लाख. एका घरात चार माणसं, म्हणजे साडेसात लाख घरं. दहा घरांत एखाद्या घरी पियानो, म्हणजे पंचाहत्तर हजार पियानो. वर्षातून एकदा सूर लावून घ्यायचे. एक कारागीर दिवसाला चार पियानो करणार, वर्षाचे अडीचशे दिवस काम, म्हणजे एकाच्या हातून हजार पियानो होणार. पंचाहत्तर हजार भागिले हजार, उत्तर पंचाहत्तर. खरा आकडा पन्नास असेल, शंभर असेल, दीडशेही असेल. पण पाच नाही आणि पाच हजार नाही.

याच फर्मींची आणखी एक हकिकत आहे. १६ जुलै १९४५ला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. स्फोटाच्या जागेपासून सुमारे सोळा किलोमीटरवर फर्मी उभे होते, हातात कागदाचे कपटे घेऊन. स्फोटाचा धक्का हवेतून तिथवर पोचायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं. तो पोचायच्या वेळी त्यांनी डोक्याइतक्या उंचीवरून कपटे सोडले. वारा तर नव्हताच, तरी कपटे सुमारे अडीच मीटर लांब जाऊन पडले. तेवढ्यावरून त्यांनी हिशेब केला, की स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाइतका असावा. यंत्रांनी मोजल्यावर तो वीस हजार टनांच्या थोडा वर भरला. म्हणजे निम्म्याचा फरक पडला, पण केवढ्याशा कागदाच्या कपट्यांवर! लॉरा फर्मींनी नवऱ्याच्या आठवणी लिहिल्यात, त्यात त्या म्हणतात की कपट्यांकडे यांचं इतकं लक्ष होतं, की तो प्रचंड आवाजही यांना जाणवला नाही. वाचताना मला त्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि तीन आठवड्यांनी हिरोशिमाचं काय झालं ते आठवून अंगावर काटाही आला. हुशारी कुठे वापरायची हा वेगळाच प्रश्न आहे, तो कुठल्याही हिशेबात बसत नाही.

असो. आपण आपल्या स्वयंपाकघरात येऊ. कारण मैत्रिणींनो, हे फर्मीसाहेबांचं शास्त्र आपण रोज करतो, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं. शितावरून भाताची परीक्षा करतो ती दुसरी काय असते? अख्खं पातेलं चिवडत नाही, एक शीत दाबून बघतो. वास्तुशांतीला दीडशे माणसं म्हटलं, की कुठलीही जाणती बाई पाच मिनिटांत सांगते, तांदूळ किती, तूरडाळ किती, बटाटे किती. ती काय करते? घरच्या पाच माणसांना किती लागतं ते तिला पक्कं ठाऊक असतं, त्याची तीसपट करते. मग ‘पंगतीत भात जास्त जातो, पोळी कमी’ म्हणून थोडं इकडचं तिकडे करते. आणि ‘सांगितलेल्यांपैकी पंधरा-वीस येणार नाहीत, पण न सांगितलेले दहा येतील’ हेही धरते. मोठा प्रश्न फोडून छोटे करायचे, आणि छोट्याचं उत्तर आपल्या अनुभवातून द्यायचं. सगळी युक्ती एवढीच.

मग चुका होत नाहीत का? होतात ना. पण गंमत अशी, की एका ठिकाणी आपण जास्त धरलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी कमी. गुणाकारात त्या एकमेकींना बऱ्याच अंशी सावरतात. तांदूळ मूठभर जास्त आणि डाळ मूठभर कमी झाली तरी पंगत उठतेच की. अट एकच, सगळीकडे एकाच बाजूला झुकायचं नाही. जिला मुद्दाम आकडा फुगवायचाय तिनं प्रत्येक पायरीवर थोडं थोडं जास्त धरलं, तर पाच पायऱ्यांनंतर आकडा भलतीकडेच जातो. दुसऱ्याचा हिशेब तपासताना हीच जागा आधी बघावी.

आणि एखादी पायरी अजिबातच ठाऊक नसेल तर? तेव्हा मनाला दोन प्रश्न विचारायचे. कमीत कमी किती असेल? जास्तीत जास्त किती असेल? समजा, वाटलं की दहापेक्षा कमी नसेल आणि हजारापेक्षा जास्त नसेल. मग मधला कुठला धरायचा? शाळेतल्या सरासरीनं पाचशे पाच येतात, पण ते हजाराच्या फार जवळ आणि दहापासून फार लांब झाले. इथे शंभर धरावेत. शंभर हे दहाच्या दहापट आणि हजाराचा दहावा भाग. दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर.

आता याच पद्धतीनं आपल्या घरातला एक प्रश्न सोडवू. ‘दिवसभर घरीच तर असतेस, करतेस काय?’ हा प्रश्न आजवर कुणाला विचारला गेला नाही, अशी बाई मला अजून भेटायचीय. दिवसभराचं राहू द्या, फक्त पोळ्या घेऊ. पाच माणसांचं घर, दोन्ही वेळच्या मिळून वीस पोळ्या. वर्षाच्या सात हजार तीनशे. लग्नानंतर चाळीस वर्षं धरली, तर दोन लाख ब्याण्णव हजार. आपण तीन लाख म्हणू. किलोभर कणकेत पंचवीस पोळ्या धरल्या, तर बारा हजार किलो पीठ. एकशे वीस क्विंटल! एका पोळीमागे मळणं, लाटणं, भाजणं मिळून एकच मिनिट धरलं, तरी तीन लाख मिनिटं म्हणजे पाच हजार तास. कचेरीच्या आठ तासांच्या हिशेबानं सहाशे पंचवीस दिवस. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं, तर नुसत्या पोळ्यांसाठी दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी झाली. यात भाजी नाही, भांडी नाहीत, सासूबाईंचं पथ्य नाही. आणि एका पोळीची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर त्या सगळ्या पोळ्यांची चवड होईल सहाशे मीटर उंच. मुंबईचा राजाबाई टॉवर पंच्याऐंशी मीटरचा आहे. सात राजाबाई टॉवर एकावर एक! हा हिशेब मी आमच्या महिला मंडळात फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, ‘बाई गं, माझ्या घरात अकरा माणसं होती.’ सगळ्या हसल्या. मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

हा आपला घरगुती अंदाज झाला. सरकारनंही लोकांच्या चोवीस तासांची मोजणी केलीय. २०२४च्या ‘टाइम यूज सर्व्हे’मध्ये असं दिसलं, की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. पुरुषांतले जे कुणी ही कामं करतात, त्यांची ८८ मिनिटं. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं जवळजवळ सारखीच घटली. फरक तेवढाच राहिला.

पण घरात कुणाचं तोंड बंद करायला हे शिकायचं, असं मला म्हणायचं नाही. याचा खरा उपयोग बाहेर आहे, जिथे कुणीतरी मोठा आकडा तोंडावर फेकून आपल्याला गप्प करतो किंवा भुलवतो तिथे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक ‘स्कीम’ आली होती. सहा हजार रुपये भरायचे, साबण-शाम्पूची एक पिशवी मिळणार, आणि आपण पाच जणी आणल्या की आपले पैसे सुटायला सुरुवात. त्या पाच जणींनी प्रत्येकी पाच आणल्या, की आपल्याला घरबसल्या हप्ता. एका मंगल कार्यालयात सभा झाली, चहा-बिस्किटं झाली, गाडी घेतलेल्या बाईचा फोटो दाखवला. आमच्या गटातली एक जण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. नवऱ्याचं हातावरचं पोट, घरात दोन मुली. म्हणाली, ‘ताई, पाचच तर बायका आणायच्यात. नणंद, जाऊ, शेजारच्या दोघी, एक मावसबहीण. झाल्या की पाच!’ पाटली गहाण टाकायचं तिचं ठरत आलं होतं.

मी म्हटलं, ‘तुझ्या पाच झाल्या गं. पण त्या पाचींना पाच-पाच मिळायला हव्यात ना?’ आणि वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघी लिहायला बसलो. पहिल्या पायरीला ५. दुसरीला २५. तिसरीला १२५. चौथीला ६२५. पाचवीला ३,१२५. इथवर ती मान डोलवत होती. सहावीला १५,६२५. सातवीला ७८,१२५. ‘आपल्या गावची वस्ती किती?’ मी विचारलं. म्हणाली, ‘नगरपालिकेच्या पाटीवर साठ हजार का कायतरी आहे.’ ‘त्यात बाप्ये आले, पोरंटोरं आली, म्हातारी माणसं आली. मग अठ्ठ्याहत्तर हजार बायका आणायच्या कुठून?’ ती थांबली. पण मी लिहीत राहिले. दहाव्या पायरीला ९७ लाख. बाराव्या पायरीला २४ कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या दुप्पट. आणि तेराव्या पायरीला १२२ कोटी. २०११च्या जनगणनेत सगळ्या भारताची लोकसंख्या होती १२१ कोटी! तान्ह्या बाळांना धरून अख्खा देश त्या एका पायरीवर उभा केला, तरी एक कोट माणसं कमी.

ती म्हणाली, ‘पण एवढं लांब कशाला जायचं? मी तर वरच्या पायरीलाच आहे ना?’ प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तरही त्याच आकड्यांत होतं. साखळी कुठेही तुटू दे, सहाव्या पायरीला नाहीतर नवव्या, सगळ्यात खालच्या थरात नेहमी शंभरातल्या ऐंशी जणी असतात. प्रत्येक थर वरच्या थराच्या पाचपट, मग दुसरं काय होणार? त्या ऐंशी जणींच्या खाली कुणी नसतं, म्हणजे त्यांचे पैसे गेले. आणि तुझ्या खालच्या थरात आहे कोण? तुझी नणंद, तुझी जाऊ, शेजारच्या दोघी.

ती उठून गेली. पाटली हातातच राहिली, एवढं मला ठाऊक आहे. अशा पैसाफिरवणीच्या योजनांना आपल्याकडे १९७८च्या कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ साली जे नियम झाले, त्यांतही अशा साखळीला मनाई आहे. पण कायदा येईपर्यंत पैसे गेलेले असतात. पाचाचा पाढा त्याआधी येतो.

कर्जाचंही तसंच. आता गावोगावी कर्ज द्यायला माणसं दारात येतात. ‘दहा हजार घ्या, वर्षाला फक्त बारा टक्के, बारा हप्ते.’ ऐकायला स्वस्त. व्याज झालं बाराशे. पण दहा हजार वर्षभर आपल्याकडे असतात कुठे? दर महिन्याला आपण फेडतोच आहोत. सुरुवातीला दहा हजार, शेवटी शून्य, म्हणजे सरासरी पाच हजारच वापरले. पाच हजारांवर बाराशे म्हणजे चोवीस टक्के. काटेकोर हिशेब केला तर बावीसच्या जवळ येतो, पण बारा नक्कीच नाही. सपाट दरानं व्याज लावलं की खरा दर जवळजवळ दुप्पट धरायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि गावातला सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तेव्हा तो महिन्याचं बोलत असतो. वर्षाचे साठ!

सभांचे आकडे हा तर करमणुकीचाच विषय. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘लाखोंचा जनसागर’. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे शिक्षक होते. १९६०च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा चालायच्या. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि एक आडाखा बसवला, जो अजून वापरतात. सैलसर गर्दी असेल तर माणसाला दहा चौरस फूट, दाट असेल तर साडेचार, अगदी चेंगराचेंगरीची असेल तर अडीच. आता तुमच्या गावचं शाळेचं मैदान डोळ्यांपुढे आणा. तीनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद असेल, तर साठ हजार चौरस फूट. दाटीवाटीनं भरलं तरी तेरा हजार माणसं. व्यासपीठ, खुर्च्या, मोकळी वाट सोडलीत तर आणखी कमी. तिथे लाख माणसं मावतात म्हणणाऱ्याला एकदा मैदानावर नेऊन उभं करावं.

सगळीकडे अंदाज चालत नाही, हेही सांगायला हवं. बाळाचं औषध अंदाजानं द्यायचं नाही, मापाच्या टोपणानंच द्यायचं. गटाच्या पेटीतली रक्कम पैशापैशानं जुळायलाच हवी, तिथे ‘साधारण’ हा शब्द आला की गट फुटतो. दोन्ही ठिकाणी थोड्याशा फरकानं सगळंच बदलतं. अंदाज चालतो तो आकडा निम्मा निघाला किंवा दुप्पट निघाला तरी निर्णय बदलत नाही, तिथे.

असाच एक प्रश्न आमच्या आठवडी बाजाराचा. बुधवारी बाजार भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतून बायका येतात, माल घेऊन बसायला आणि घ्यायलाही. बायकांसाठी मुतारीच्या जागा दोन, त्यातल्या एकीला कडी नाही. भाजीवाल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, संध्याकाळी घरी जाऊनच पितात. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. त्यांतल्या कित्येकींना लघवीच्या जळजळीचा त्रास आहे, तो त्या कुणाला सांगत नाहीत. आम्ही दहा-बारा जणी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी विचारलं, ‘बाजाराला किती बायका येतात? आकडेवारी आहे का? उगाच अंदाजपंचे बोलू नका.’

मला खरं तर म्हणायचं होतं, की साहेब, सरकार पिकाची पैसेवारी काढतं त्यात पहिली ‘नजरअंदाज’च असते ना? आणि पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. पण भांडून काय होणार? आम्ही परत आलो आणि पुढच्या बुधवारी बाजारात पाच जणी पाच रस्त्यांच्या तोंडाशी उभ्या राहिलो. हातात वही, पेन्सिल, घड्याळ. सकाळी अकरा वाजता फक्त दहा मिनिटं. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईमागे एक रेघ, पाचवी रेघ आडवी. एकीकडे ३८ भरल्या, दुसरीकडे २२, मग ४१, १२ आणि १७. बेरीज १३०. तासाला सातशे ऐंशी. बाजार नऊ ते सहा, त्यातले चार तास असे गर्दीचे, उरलेले पाच तास निम्म्या गर्दीचे धरले. एकूण पाच हजार आल्या. आत-बाहेर दोनदा करणाऱ्या एक पंचमांश वजा केल्या. राहिल्या चार हजार. माल घेऊन बसलेल्या बायका रांगेनं मोजल्या, त्या दोनशे.

पुढचं आम्ही आपसात बोलून ठरवलं, कारण हे कुठल्या पुस्तकात असतं? खरेदीला आलेल्या चार जणींत एकीला गरज पडते, म्हणजे हजार. बसणाऱ्या बायकांना, पाणी नीट प्यायल्या तर, दिवसात तीनदा, म्हणजे सहाशे. एकूण सोळाशे. लुगडं, पिशवी, कडेवरचं मूल हे सगळं सांभाळून प्रत्येकीला चार मिनिटं. चौसष्टशे मिनिटं. बाजाराचे नऊ तास म्हणजे पाचशे चाळीस मिनिटं. भागाकार केला, तर बारा जागा हव्यात. त्याही सगळ्या बायका एकीमागून एक, रांग न लागता आल्या तर.

हा कागद घेऊन पुन्हा गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला. ‘यात चार मिनिटं कशावरून? आमच्या हिशेबानं दोन पुरतात,’ म्हणाले. आमच्यातल्या एक काकू नऊवारी नेसणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, दोन धरा. मग सहा येतात. आत्ता कडी लागणारी एक आहे.’

अर्जावर आवक क्रमांक पडलाय. कडी बसली. चार जागांचा प्रस्ताव तयार झालाय असं सांगतात, पण पैसे कुठून येणार ते अजून ठरायचंय. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी आम्ही पुन्हा मोजणार आहोत, या वेळी अकराला आणि चारला, अशी दोनदा. पाच रस्त्यांना दहा जणी लागतील, आणि दोन कॉलेजच्या मुलींनी आपणहून नावं दिली आहेत.